पडद्यावरचे गाव, जमिनीवरचे गाव

चित्रपटातली प्रत्येक घटना कुठेतरी घडते, पण ते 'कुठेतरी' प्रेक्षकाला जाणवतेच असे नाही. कित्येक चित्रपटांत गाव बदलले तरी कथेच्या केसालाही धक्का लागत नाही. काही चित्रपटांत मात्र पात्रांची बोली, त्यांची कामे, त्यांची भांडणे त्या विशिष्ट मातीतून आलेली असतात आणि ती कथा दुसरीकडे नेली की तिचा जीवच जातो. प्रेक्षकाला येणारी जागेची ही जाणीव म्हणजे चित्रपटाचे स्थळभान.

स्थळभान हवे तर खऱ्या जागी जाऊन चित्रीकरण करावे, हा उपाय सोपा वाटतो. प्रत्यक्षात खरी जागा चित्रपटाच्या चमूला आधी अडचणीच देते. ऊन हवे तेव्हा आभाळ येते, संवाद चालू असताना शेजारची पिठाची गिरणी सुरू होते, बघ्यांची गर्दी जमते. स्टुडिओतली भिंत कॅमेऱ्यासाठी बाजूला सरकवता येते; वाड्याची भिंत सरकत नाही. या अडचणी टाळायच्या, झाकायच्या की त्यांनाच चित्रपटात जागा करून द्यायची, यावर पडद्यावर उमटणारे गाव ठरते.

उघड्यावरून स्टुडिओत आणि परत

चित्रपटाचा जन्म खऱ्या जागीच झाला. ल्युमिए बंधूंनी १८९५ मध्ये लियाँच्या आपल्याच कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणारे कामगार टिपले. त्यांचे चित्रपट ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवले गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रीकरण केले. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'साठी (१९१३) दादरला सेट लावले, तरी बाहेरची दृश्ये मुंबईपासून दूर वांगणीला जाऊन घेतली. मूकपटाच्या काळात सूर्य हाच मुख्य दिवा होता आणि आजूबाजूच्या गोंगाटाने काही बिघडत नव्हते.

आवाज आला आणि चित्रपट दाराआड गेला. 'आलम आरा' (१९३१) ज्या स्टुडिओत तयार झाला त्याच्या शेजारून रेल्वेचे रूळ जात होते. गाड्यांचा खडखडाट ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून बरेचसे चित्रीकरण मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर करावे लागले. अशा परिस्थितीत आवाज आणि प्रकाश दोन्ही ताब्यात ठेवणारा बंदिस्त स्टुडिओ ही चैन नव्हती, गरज होती. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली आणि तिथल्या स्टुडिओत विष्णुपंत दामले व साहेबमामा फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम'चे (१९३६) देहू उभे केले. फत्तेलाल मुळात चित्रकार आणि कलादिग्दर्शक होते. त्यांच्या देहूला शेणामातीचा वास आहे असे वाटते, कारण तिथे तुकारामांच्या बायकोचा, जिजाईचा संसार चालतो: म्हैस आहे, भूक आहे, नवऱ्यावरचा करवाद आहे.

परतीची वाट युद्धानंतरच्या इटलीने दाखवली. रोमचा चिनेचित्ता हा मोठा स्टुडिओ त्या काळात निर्वासितांच्या छावणीसाठी वापरात होता. रॉबेर्तो रोस्सेलिनी, व्हित्तोरिओ द सिका यांच्यासारखे दिग्दर्शक रस्त्यावर उतरले. 'बायसिकल थीव्ह्ज'मध्ये (१९४८) सायकल शोधत रोमभर पायपीट करणाऱ्या बापाचे काम एका कारखान्यातल्या कामगाराने केले. भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, १९५२ मध्ये, मुंबईत हा चित्रपट दाखवला गेला आणि इथल्या चित्रपटकर्त्यांवर त्याचा खोल परिणाम झाला. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'मध्ये बलराज साहनी कलकत्त्याच्या खऱ्या रस्त्यांवर हातरिक्षा ओढताना दिसले.

सत्यजित राय यांनी 'बायसिकल थीव्ह्ज' १९५० मध्येच लंडनला पाहिला होता. 'पथेर पांचाली'चे (१९५५) गाव त्यांनी कलकत्त्याजवळच्या बोराल या खेड्यात उभे केले. अपू आणि दुर्गा ही भावंडे आगगाडी पाहायला कास गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांमधून धावतात, ते प्रसिद्ध दृश्य मात्र पालसिटजवळच्या माळावरचे. ऑक्टोबर १९५२ मध्ये एक दिवस चित्रीकरण झाले. पुढच्या आठवड्यात चमू परत आला तर गुरांनी सगळे तुरे खाऊन टाकलेले. राय पुढच्या वर्षीच्या बहरापर्यंत थांबले. स्टुडिओत हेच काम कापूस आणि काड्या लावून दोन दिवसांत झाले असते. पण वाऱ्याबरोबर एका दिशेने लवणारे आणि मुलांच्या डोक्यावरून जाणारे ते रान मिळाले नसते.

प्रकाश, आवाज, अंतर

जागा पडद्यावर उतरते ती मुख्यतः तीन वाटांनी. त्यातली पहिली वाट प्रकाशाची. कोकणातल्या पावसाळ्यात दिवसभर एकसारखा करडा उजेड असतो, सावल्या जवळजवळ पडतच नाहीत आणि हिरवा रंग काळपट होतो. सोलापूरकडच्या माळावर उन्हाने रंग विटतात, सावली झाडाखाली गोळा होऊन बसते. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' (२०१५ मध्ये प्रदर्शित) गुहागरच्या परिसरात पावसात चित्रित झाला आणि त्याचे छायाचित्रणही त्यांनीच केले. वडील गेलेला, आईच्या बदलीमुळे नव्या गावात आलेला मुलगा मित्रांबरोबर सायकलने किल्ल्यावर जातो आणि भर पावसात तिथे एकटाच मागे राहतो. त्याचे एकटेपण सांगायला संवाद लागत नाही; भिजलेला दगड, बंद झालेले आभाळ आणि पावसाचा आवाज पुरतो. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'साठी (२०१८) युनिटने अनेक पावसाळे काढले. सासवडच्या पुरंदरे वाड्यात चित्रित झालेल्या या भयपटात पाऊस कधी थांबतच नाही आणि त्या ओलीमुळे लोभाची कथा अंगाला चिकटते.

दुसरी वाट आवाजाची. भारतीय चित्रपटाने ही वाट बराच काळ बंद ठेवली होती. बाहेर चित्रीकरणासाठी वापरले जाणारे कॅमेरे इतके घरघरत की संवाद नंतर स्टुडिओत डबिंग करून भरावे लागत. परिणामी नदीकाठी उभे असलेले पात्र बंद खोलीतल्या आवाजात बोले, आणि नदीचा आवाज मागाहून चिकटवलेला असे. २००१ च्या 'लगान'ने जागेवरच संवाद मुद्रित करण्याची पद्धत, म्हणजे सिंक साउंड, मुख्य प्रवाहात पुन्हा आणली. आता ध्वनिमुद्रक संवादांखेरीज त्या जागेचा नुसता आवाजही वेगळा टिपून ठेवतो. लांबून येणारी एसटी, देवळातला लाऊडस्पीकर, कुत्र्यांचे भुंकणे, रिकाम्या वर्गातल्या पंख्याची कुरकुर हे सगळे त्यात येते. प्रेक्षक ते जाणीवपूर्वक ऐकत नाही, पण ते नसले तर दृश्य पोकळ वाटते.

तिसरी वाट अंतराची आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. कोणते घर कुठे आहे, शाळेत जाताना कुणाच्या दारावरून जावे लागते, विहिरीवर कोण कुणाला दिसते, हा गावाचा नकाशा म्हणजेच गावाचा समाज. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'मध्ये (२०१३) जब्याचे घर गावाबाहेर आहे. गावाला डुकरे नकोत म्हणून ती पकडायचे काम त्याच्या कुटुंबावर येते आणि हा पाठलाग शाळेच्या जवळच होतो, त्यामुळे वर्गातली मुलेमुली, जब्याला आवडणारी शालूसुद्धा, तमाशा पाहायला जमतात. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि हाताशी आलेले डुक्कर निसटते. शेवटी मेलेले डुक्कर काठीला बांधून वाहून नेताना मागच्या भिंतीवर महापुरुषांची चित्रे येतात. शाळा, माळ आणि वस्ती एकमेकांना खेटून असल्याशिवाय हे दृश्य उभेच राहिले नसते. इथे पटकथेतला अर्थ गावाच्या रचनेतून निघतो.

करमाळा आणि उदयपूर

एकच कथा दोन जागी नेली तर काय होते, याचे जवळजवळ प्रयोगशाळेतले उदाहरण 'सैराट'ने दिले. मंजुळे मूळचे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. २०१६ चा हा चित्रपट त्यांनी त्याच तालुक्यात घेतला. पायऱ्यांची विहीर, माळावरचे निष्पर्ण झाड, उजनी धरणाचे पसरलेले पाणी, बागायतदाराची मुलगी आर्ची राहते तो वाडा आणि मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या, ही सगळी एकाच तालुक्याची अंगे. धरणाच्या पाण्याने कुणाला बागायत दिली, कुणाला मासे दिले. आर्ची आणि परश्या यांच्यातले अंतर याच पाण्याच्या वाटपातही दिसते. अकलूजच्या रिंकू राजगुरूसारख्या नवख्या कलाकारांच्या तोंडी तिथलीच बोली आहे. आर्ची बुलेटवर येते, ट्रॅक्टर चालवते, त्यात जितका तिचा स्वभाव आहे तितकीच तिच्या घराण्याची जमीन आहे.

आर्ची आणि परश्या पळून गेल्यावर जागा बदलते आणि चित्रपटाची चालही बदलते. हैदराबादच्या झोपडपट्टीत दोघांना भाषा कळत नाही, क्षितिज दिसत नाही, चौकट पत्र्यांनी आणि गल्लीने भरून जाते. अजय-अतुल यांची गाणी पूर्वार्धातच संपलेली असतात. गावात जिचा शब्द झेलला जात होता ती मुलगी इथे कारखान्यात कामाला जाते. प्रेमकथेचे दोन भाग दोन जागांमुळे वेगळे पडतात.

२०१८ मध्ये याच कथेवर 'धडक' हा हिंदी चित्रपट आला. त्याचे पहिले ठिकाण होते राजस्थानातले उदयपूर आणि दुसरे कोलकाता. नायिका राजघराण्यातली, नायक हॉटेल चालवणाऱ्या घरातला. उदयपूरची तळी, राजवाडे आणि गल्ल्या देखण्या आहेत, पण पर्यटनाच्या छायाचित्रांतून त्या प्रेक्षकाला आधीच ओळखीच्या झालेल्या असतात. मूळ चित्रपटातली जातीची धार नव्या चित्रपटात बोथट झाली, ही टीका त्या वेळी बरीच झाली. तिचे एक कारण जागेत शोधता येते. करमाळ्यात जात कुणी शब्दांत सांगितली नाही तरी घर, शेत, पाणी आणि बोली यांतून ती दिसत राहते. उदयपूरच्या चित्रपटात हा नकाशाच नसल्याने ती सांगावी लागते किंवा गळून पडते. दोन्ही चित्रपट खऱ्या ठिकाणी चित्रित झाले आहेत हे लक्षात घेतले, तर एवढे स्पष्ट होते की जागा खरी असणे पुरेसे नाही. तिचे कथेशी देणेघेणे असावे लागते.

दुसऱ्याच्या नावाने उभे राहणारे वाई

याच्या उलट टोकाला वाई आहे. कृष्णाकाठचे हे गाव पडद्यावर स्वतःच्या नावाने क्वचितच येते. प्रकाश झा यांच्या 'गंगाजल'मध्ये (२००३) ते बिहारमधले तेजपूर झाले, 'दबंग'मध्ये (२०१०) उत्तर प्रदेशातले लालगंज झाले. शेजारच्या मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. आशुतोष गोवारीकर यांच्या 'स्वदेस'मध्ये (२००४) तेच चरणपूर झाले.

यामागे हिशेब आहे. मुंबईचे युनिट सकाळी निघून दुपारी वाईत पोहोचते. पाचगणी-महाबळेश्वरला राहण्याची सोय जवळ आहे. घाट, देवळे, जुने वाडे, बाजारपेठ, ऊस आणि मोकळे रस्ते अर्ध्या तासाच्या परिघात मिळतात. चित्रीकरणाची सवय असलेले स्थानिक लोक कामाला येतात. खऱ्या गंगाकाठी एवढ्या थोड्या जागेत एवढे सगळे, तेही इतक्या सोयीने, मिळणे कठीण.

तरी जागा आपली ओळख पूर्णपणे लपवत नाही. वाईचे घाट काळ्या बेसाल्टचे आहेत, तर वाराणसीच्या घाटांवर चुनारचा पिवळसर वालुकाश्म आहे. कृष्णा इथे अरुंद आहे; गंगेचा पैलतीर धूसर दिसतो तसा तिचा दिसत नाही. सर्वांत अडचणीचे म्हणजे वाईला चहूबाजूंनी डोंगर आहेत आणि बिहारच्या मैदानात चौकटीत सह्याद्री येऊन चालत नाही. मग कॅमेरा खाली वाकतो, दृश्ये जवळून घेतली जातात, मागे भिंत किंवा गर्दी ठेवली जाते. जे चित्रपट सर्वसाधारण 'उत्तरेकडचे गाव' एवढ्यावर भागवतात त्यांना ही तडजोड परवडते. प्रेक्षकांपैकी बहुतेकांना ती खटकतही नाही. पण तिची किंमत असते: गावाचा लांबवरचा, निवांत देखावा दाखवायची सोय राहत नाही, आणि मैदानी मुलखाची ती सपाट, अंत नसलेली विशालता चित्रपटातून वजा होते.

याच न्यायाने 'शोले'चे (१९७५) रामगढ बंगळुरूजवळच्या रामनगरमध्ये वसले. नकाशात नसलेल्या गावासाठी कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळांच्या पायथ्याशी वस्ती बांधली. तिथे कोणत्याही खऱ्या प्रांताचे सोंग घ्यायचे नव्हते, त्यामुळे त्या शिळा लपवाव्या लागल्या नाहीत. गब्बरचा अड्डा म्हणून त्या कथेचाच भाग झाल्या.

जागेकडून शिकलेला सेट

खऱ्या जागी जाणे नेहमी शक्य नसते. अशा वेळी सेटवर स्थळभान आणायचे असेल तर जागेने घातलेले नियम सेटवरही पाळावे लागतात. याचे उत्तम उदाहरण 'अपराजितो'चे (१९५६). वाराणसीतल्या घराचे चौक राय यांना स्टुडिओत उभारावे लागले. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी घर हुबेहूब बांधले, पण छायाचित्रकार सुब्रत मित्र यांना प्रश्न पडला तो उजेडाचा. वाराणसीच्या खऱ्या घरात चारी बाजूंनी उंच भिंती असतात आणि चौकात उजेड फक्त वरच्या आभाळातून, सावली न पाडता उतरतो. स्टुडिओतले दिवे थेट लावले की एका माणसाच्या तीन सावल्या पडत. मित्र यांनी सेटच्या वर पांढरे कापड ताणून बांधले आणि दिव्यांचा झोत त्यावर पाडून परावर्तित उजेड खाली आणला. खऱ्या घराच्या निरीक्षणातून आलेली ही युक्ती पुढे भारतीय छायाचित्रणात रुळली.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) न्यायालयाची खोली चित्रपटासाठी उभारलेली आहे, पण ताम्हाणे यांनी आधी कनिष्ठ न्यायालयांत बसून तिथले कामकाज पाहिले होते. त्यामुळे तिथे हिंदी चित्रपटातला लाकडी भव्यपणा नाही. फायलींचे गठ्ठे, पुटपुटत वाचली जाणारी कलमे, पुढच्या तारखेसाठी थांबलेले कंटाळलेले लोक आहेत. कॅमेरा लांब, स्थिर राहतो आणि प्रेक्षकालाही ताटकळत ठेवतो. सरकारी वकील बाई कोर्टातून लोकलने घरी जातात, घरी जाऊन स्वयंपाक करतात. या खऱ्या मुंबईच्या दृश्यांमुळे बांधलेली खोलीही शहराचा भाग होते.

'लगान'ने तिसरा मार्ग धरला. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी कच्छमध्ये भुजजवळच्या कुनरिया गावाच्या जमिनीवर चंपानेर बांधले. पात्रे अवधी वळणाची हिंदी बोलतात, म्हणजे भूगोल काल्पनिकच. पण ऊन, धूळ आणि भेगाळलेली जमीन कच्छची, आणि पावसाची वाट पाहणे हाच कथेचा पाया असल्याने ती जमीन पुरेशी बोलकी ठरते.

खरे घर मिळाले तर सेट लागतही नाही. गोव्यात श्याम बेनेगल यांनी 'त्रिकाल'साठी (१९८५) लोटली येथील व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांचे वडिलोपार्जित घर निवडले. गोवा म्हटले की किनारा, नारळ आणि पार्टी एवढेच दाखवणाऱ्या चित्रपटांच्या रांगेत हा चित्रपट जवळजवळ सगळा घरातच राहतो. १९६१ च्या मुक्तीच्या उंबरठ्यावरचे कॅथलिक कुटुंब, त्यांचे दालन, त्यांचे जुने फर्निचर यांवर छायाचित्रकार अशोक मेहता यांनी मेणबत्त्यांच्या उजेडात कॅमेरा फिरवला. समुद्र फारसा न दाखवताही तो चित्रपट गोव्याचाच वाटतो.

रेकी, परवानगी आणि मागे राहणारे गाव

खऱ्या जागेचे काम चित्रीकरणाच्या कितीतरी आधी सुरू होते. दिग्दर्शक, छायाचित्रकार, कलादिग्दर्शक आणि ध्वनिमुद्रक एकत्र रेकीला, म्हणजे जागेच्या पाहणीला जातात. प्रत्येकजण वेगळे पाहतो: सूर्य कुठून उगवतो आणि दुपारी कोणत्या भिंतीवर ऊन येते, जनरेटर किती लांब उभा करता येईल म्हणजे त्याचा आवाज येणार नाही, गाड्या कुठपर्यंत जातील, बाजाराचा दिवस कोणता, शेतात पीक कधी उभे असेल. मग ग्रामपंचायत, पोलीस, वनखाते, पुरातत्त्व खाते, देवस्थान अशा संबंधितांच्या परवानग्या. चित्रीकरण दोन टप्प्यांत असेल तर मधल्या काळात ऊस तोडला गेला किंवा भिंतीला नवा रंग लागला की दृश्याला दृश्य जुळत नाही. अलीकडचे डिजिटल कॅमेरे कमी उजेडातही काम करतात, त्यामुळे छोट्या युनिटला खऱ्या घरात, खऱ्या गल्लीत काम करणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. दुसरीकडे, मोठ्या एलईडी भिंतीवर हवे ते आभाळ आणि हवे ते शहर दाखवून त्यापुढे नटांना उभे करण्याचे तंत्रही रुळत आहे. ते ऊन आणि क्षितिज हुबेहूब देऊ शकते; गावातल्या घरांची मांडणी, माणसांची चाल आणि बोली मात्र आधी कुणीतरी जाऊन पाहिलेली असावी लागते.

चित्रपटाचा परिणाम जागेवरही होतो. 'थ्री इडियट्स' (२००९) नंतर लडाखच्या पँगाँग तळ्याकडे पर्यटकांची रीघ लागली आणि त्यांच्यामागे कचऱ्याचा प्रश्नही आला. 'सैराट' पाहून करमाळ्याच्या विहिरीशी फोटो काढायला लोक येऊ लागले. स्थानिकांना त्यातून रोजगार मिळतो, नाव मिळते; पण ज्या ओसाड, अनोळखी रूपासाठी ती जागा निवडली होती ते रूपच गर्दीने बदलते आणि पुढच्या दिग्दर्शकाला ती आधीच्या चित्रपटासकट मिळते.

एखाद्या चित्रपटाचे स्थळभान तपासायला म्हणूनच चित्रीकरणाच्या ठिकाणाचे नाव पुरत नाही. पात्रे त्या जागेत काय काम करतात, कोणत्या वाटेने जातात, कुणाच्या नजरेखालून जातात आणि ऋतू त्यांच्या आयुष्यात काय ढवळाढवळ करतो, हे पाहावे लागते. ही उत्तरे पडद्यावर सापडली तर स्टुडिओतले देहूही खरे वाटते. ती सापडली नाहीत, तर हजार मैल जाऊन आणलेला देखावाही पात्रांच्या मागे लावलेला रंगीत पडदाच ठरतो.